जुन्या कोडात नवी भाषा

लाखो ओळींचं सॉफ्टवेअर बंद ठेवून पुन्हा पहिल्यापासून लिहायला कुणाला सवड नसते. त्यावर रोज पगार निघतात, तिकिटं निघतात. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत वेगळी वाट रुळली: जुना कोड राहू द्यायचा आणि नवी भाषा शेजारी आणायची. जावाशेजारी कोटलिन, ऑब्जेक्टिव्ह-सीशेजारी स्विफ्ट, सी प्लस प्लसशेजारी रस्ट. तिन्ही प्रयोग पाहिले, तर नव्या भाषेची खरी परीक्षा होते ती दोन भाषांच्या हद्दीवर.

जेटब्रेन्स कंपनीने २०११ मध्ये जाहीर केलेल्या कोटलिनची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली. जावा आणि कोटलिन दोन्हींचं बाइटकोड एकच, त्यामुळे एकाच प्रकल्पात दोन्हींच्या फाइली सुखाने राहतात. कोटलिनचं मोठं आकर्षण म्हणजे ‘नल’चा, म्हणजे रिकाम्या मूल्याचा, बंदोबस्त. नलची कल्पना १९६५ मध्ये आणणाऱ्या टोनी होअर यांनीच पुढे तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं होतं. कोटलिनमध्ये एखादी जागा रिकामी राहू शकते की नाही, हे आधीच सांगावं लागतं. नंतर गफलत झाली, तर कंपायलर अडवतो.

आता ग्राहकाचं नाव देणारी मेथड जुन्या जावात आहे असं धरा. नाव रिकामं येऊ शकतं का, याचा तिच्यात पत्ताच नसतो. इथे कंपायलर गप्प बसतो, प्रोग्रॅमर ‘नाव असणारच’ असं गृहीत धरतो, आणि नाव न भरलेला पहिला ग्राहक आला की ॲप कोसळतं. यावरचा इलाज जावातच करावा लागतो: त्या मेथडवर ‘नलेबल’ किंवा ‘नॉटनल’ अशी खूण करायची. इनहेरिटन्सचंही तसंच. जावाचा क्लास मुळात खुला, कोटलिनचा मुळात बंद. क्लासचे पोटक्लास करून काम भागवणाऱ्या स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कसाठी ‘ऑल-ओपन’ प्लगइन लावावं लागतं.

ॲपलने २०१४ मध्ये स्विफ्ट आणली, तेव्हाही हाच पेच होता. वर्षभरातच ॲपलला ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये नलच्या खुणांची सोय करावी लागली. शिवाय स्विफ्टचे स्ट्रक्ट ऑब्जेक्टिव्ह-सीला दिसत नाहीत. म्हणून हद्दीवरचा कोड लिहिताना नव्या भाषेतली उत्तम साधनं बाजूला ठेवावी लागतात.

रस्टची वाट आणखी खडतर. तिच्यात क्लासचं इनहेरिटन्सच नाही, त्यामुळे सी प्लस प्लसची क्लासांची उतरंड पलीकडे जशीच्या तशी नेता येत नाही. ये-जा बहुधा सीच्या साध्या फंक्शनांतून होते. तरीही सर्वांत बोलका आकडा इथलाच आहे. अँड्रॉइडच्या सुरक्षा-त्रुटींत मेमरीच्या गफलतींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, २०२४ मध्ये तो २४ टक्क्यांवर आला. त्यासाठी गूगलने जुना कोड सरसकट पुन्हा लिहिला नाही. नवा कोड रस्टसारख्या मेमरी-सुरक्षित भाषांत लिहायचं धोरण ठेवलं. अशा त्रुटी प्रामुख्याने ताज्या कोडात असतात आणि वापरात मुरलेल्या कोडात त्या कमी होत जातात, हे त्यामागचं कारण.

तेव्हा जुनं चालणारं उगाच भाषांतरित करू नये; नवं काम नव्या भाषेत घ्यावं, आणि पहिला महिना जुन्या मेथडींवर खुणा करण्यात घालवावा. ते काम जुना कोड कोळून प्यायलेल्या माणसांनाच जमतं. नव्या भाषेच्या गटात पहिली नेमणूक त्यांची व्हायला हवी.