एक तार तुटली की...

मंडळी, गेल्या गणपतीत इथे रत्नागिरीत, ऐन कार्यक्रमात आमच्या नातवाच्या इलेक्ट्रिक गिटारची एक तार तुटली आणि उरलेल्या पाचही बेसूर झाल्या. असं का व्हावं?

या गिटारची घोडी तरंगती असते. एका बाजूने तारा ओढतात, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा उलट ओढतात. या ओढाताणीतच ती तोललेली असते. म्हणून दांडी दाबली की सूर उतरतो, उचलली की चढतो. पण एक तार गेली की स्प्रिंगांची ओढ वरचढ होते, घोडी मागे झुकते आणि बाकीच्या तारा चढतात. म्हणजे ज्या गुणासाठी ही घोडी घेतली, त्यातच हा दोष आहे.

उपाय सोपा आहे. पोकळीत घोडीच्या ठोकळ्याला मानेच्या बाजूने लाकडी पट्टी लावायची. मग तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात. मात्र दांडीने सूर चढवता येत नाही.

‘आजोबा, लावू का?’ नातवाने विचारलं. आम्ही म्हटलं, ‘दांडी कितीदा उचलतोस, ते आधी मोज.’ आठवडाभरात एकदाही उचलली नव्हती! पट्टी लावली. स्थैर्याची किंमत असतेच. ती आपल्याला किती पडते, हे आपणच मोजायचं.