नदीतील मगर : सावधगिरी आणि उपचार

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूर येथे नीरा व भीमा या नद्यांचा संगम होतो. बारामती तालुक्याच्या कडेने वाहत आलेली नीरा येथे भीमेला मिळते आणि भीमा पुढे दूरवर कृष्णेला जाऊन मिळते. या कृष्णेच्या सांगलीकडील पात्रात मगरींची मोठी वस्ती आहे. भिलवडी, औदुंबर या बाजूच्या लोकांना नदीवर जाताना मगरीचे भान ठेवावेच लागते. २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांत तर मगरी थेट मानवी वस्तीजवळ आल्या होत्या. सुट्टीत कृष्णाकाठच्या आप्तांकडे जाणाऱ्या मुलांना या प्राण्याची रीत ठाऊक असली पाहिजे.

भारतात या कुळातील तीन जाती आढळतात : गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि लांब, निमुळत्या तोंडाची सुसर. अमेरिकेत व चीनमध्ये असणारा ॲलिगेटर आपल्याकडे नाही. कृष्णेत राहते ती गोड्या पाण्यातील मगर होय.

मगरीचे डोळे, कान व नाकपुड्या डोक्याच्या वरच्या भागावर असतात. त्यामुळे सारे शरीर पाण्यात बुडवूनही तिला काठावरचे सर्व दिसते व ऐकू येते; काठावरच्या माणसाला मात्र ती दिसत नाही. गजेंद्रमोक्षाची कथा तुम्ही ऐकली असेल. त्या बलाढ्य हत्तीचा पाय नक्राने धरला तो पाण्यात. कोरड्या जमिनीवर हत्तीपुढे त्याचे काय चालले असते? कथा रचणाऱ्याचे निरीक्षण किती अचूक होते पाहा! मगरीचे बळ पाण्यात आहे, आणि भक्ष्य पाण्याच्या कडेला येण्याची ती वाट पाहत असते.

म्हणून जेथे मगरीचा वावर आहे, तेथे पाण्यात उतरू नये व अगदी कडेला वाकून बसू नये. पाणी बादलीने काढून काठापासून दूर धुणे धुवावे. पहाटे, तिन्हीसांजेला व रात्री तर नदीवर जाणे टाळावेच. मृत जनावरे किंवा मांसाचे तुकडे पात्रात टाकण्याची खोड फार वाईट. मगर त्या जागेला सोकावते. हिवाळ्यात ती वाळूवर ऊन खात पडते आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठावर खड्डा करून अंडी घालते. त्या वेळी ती घरट्याची राखण करते. तिला दगड मारणे हा मूर्खपणा तर आहेच, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाही आहे.

एवढे करूनही कोणी सापडलाच, तर मुलांनी पाण्यात उडी घेऊ नये. आरडाओरड करून मोठ्या माणसांना बोलवावे. काठावरून लांब बांबू किंवा दोर पुढे करावा. जखमी माणूस बाहेर आला, की त्याला प्रथम पाण्यापासून दूर न्यावे. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी ती सारखी उचलू नये. हाड मोडल्यासारखे वाटल्यास तो अवयव न हलवता फळीला बांधावा. रोग्याला पांघरूण घालावे, खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण कदाचित शस्त्रक्रिया करावी लागेल. आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

जखम लहान असली, तरी दवाखान्यात गेलेच पाहिजे. मगरीचे दात शंकूसारखे असतात. वरून बारीक छिद्र दिसते, पण आत मांस चिरडलेले असते आणि तिच्या तोंडातील व नदीच्या पाण्यातील जंतू खोल गेलेले असतात. रक्त वाहत नसेल, तर अशी जखम भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. हळद, चुना, तंबाखू, राख यांपैकी काहीही तीत भरू नये. डॉक्टर जखम आतून धुऊन काढतात, मेलेले मांस काढून टाकतात, धनुर्वाताची लस टोचतात व जंतुनाशक औषधे देतात. पुष्कळदा ते जखम लगेच शिवत नाहीत, काही दिवस उघडी ठेवतात. घरच्यांना हा हलगर्जीपणा वाटतो. पण आत जंतू कोंडून वरून टाके घातले, तर पू धरतो.