विश्लेषण : 'पंचतारांकित' खेळाडू पुढे खरेच चमकतात का? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील ताऱ्यांचे गणित काय?

एप्रिल २०२५ मधील एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंना ओळीने निवडतात त्या प्रक्रियेत, पहिली निवड झाली कॅम वॉर्डची आणि दुसरी ट्रॅव्हिस हंटरची. हंटर हा हायस्कूलमध्ये असतानाच देशातील पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचा, पंचतारांकित खेळाडू मानला गेला होता. वॉर्डच्या नावापुढे एकही तारा नव्हता. त्याला शिष्यवृत्ती देऊ केली ती टेक्सासमधील इन्कार्नेट वर्ड या एकाच छोट्या विद्यापीठाने. एक अंदाज अचूक ठरला, दुसरा पार चुकला. मग या ताऱ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?

तारे देतो कोण आणि कसे?

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. अमेरिकेत सुमारे १० लाख मुले हायस्कूल स्तरावर तो खेळतात. त्यातील मोजक्यांनाच मोठी विद्यापीठे शिष्यवृत्ती देऊन आपल्या संघात घेतात. या मुलांची पारख करून त्यांना दोन ते पाच तारे देण्याचे काम रायव्हल्स, २४७ स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा खासगी संस्था करतात. सामन्यांच्या चित्रफिती, शिबिरांतील कामगिरी, उंची, वजन, वेग हे सारे पाहिले जाते. कोणत्या विद्यापीठांनी मुलाला प्रस्ताव दिला आहे, याकडेही लक्ष असते. अलाबामा किंवा जॉर्जियासारख्या बड्या संघाने रस दाखवला, की परीक्षक त्या मुलाकडे पुन्हा वळून पाहतात.

पाच तारे फारच थोड्यांना मिळतात. २४७ स्पोर्ट्स दरवर्षी साधारण ३२ मुलांना पाच तारे देते. एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ खेळाडू निवडले जातात, त्यावरून हा आकडा ठरला. चार तारे काहीशे मुलांना, तर तीन तारे हजाराहून अधिक मुलांना मिळतात.

'तीन तारे'वालेच जास्त, मग मानांकन फोल?

सुपर बोलच्या आधी दरवर्षी एक आकडेवारी फिरते : अंतिम सामन्यातील दोन्ही संघांत पाच ताऱ्यांचे खेळाडू मूठभर, तीन किंवा त्याहून कमी ताऱ्यांचे मात्र भरपूर. त्यावरून 'तारे निरुपयोगी' असा निष्कर्ष काढला जातो. पण येथे गल्लत आहे ती टक्केवारीची.

समजा, पाच ताऱ्यांच्या ३२ मुलांपैकी निम्मे, म्हणजे १६ जण एनएफएलपर्यंत पोहोचले. आणि तीन ताऱ्यांच्या १५०० मुलांपैकी केवळ सहा टक्के, म्हणजे ९० जण पोहोचले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मैदानावर तीन ताऱ्यांचे ९० आणि पाच ताऱ्यांचे १६ दिसतील. तरीही पाच तारे असलेल्या मुलाची शक्यता आठपटीहून अधिक आहे. किती जण पोहोचले, यापेक्षा कितीपैकी किती पोहोचले, हे पाहिले की तारे बरेच काही सांगून जातात. जितके तारे जास्त, तितकी ड्राफ्टमध्ये निवड होण्याची शक्यता जास्त, हा कल वर्षानुवर्षे टिकून आहे.

एकेका मुलाबाबत अंदाज का चुकतो?

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' असे आपल्याकडे म्हणतात, पण सतरा वर्षांच्या मुलाचे शरीर अजून घडायचे असते. जे. जे. वॉट हा दोन ताऱ्यांचा खेळाडू सेंट्रल मिशिगनमध्ये 'टाइट एंड' म्हणून गेला, तेथून शिष्यवृत्तीविना विस्कॉन्सिनमध्ये आला, बचावफळीत खेळू लागला आणि पुढे तीनदा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. जोश ॲलनला हायस्कूलनंतर कोणत्याही मोठ्या विद्यापीठाने विचारले नाही. तो रीडली या कम्युनिटी कॉलेजमार्गे वायोमिंगला गेला आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला. पॅट्रिक महोम्सकडेही तीनच तारे होते.

कधी परीक्षकांची नजरच पोहोचत नाही. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया ही खेळाडूंची मोठी आगारे. शिबिरेही तेथेच अधिक. लहान गावातील मुलाला दिसण्याची संधी कमी. कधी शाळेची खेळण्याची पद्धत आड येते. वॉर्डच्या शाळेचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर देणारा होता. त्यामुळे क्वार्टरबॅक म्हणून त्याचा हात कुणाला फारसा दिसलाच नाही. शिवाय दुखापत, प्रशिक्षक बदलणे, अभ्यास, घरापासून दूर राहणे यांचा अंदाज कोणत्याही चित्रफितीवरून बांधता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पाच ताऱ्यांच्या मुलाला उत्तम प्रशिक्षण, मैदानावर लवकर संधी आणि चुका झाल्या तरी पुन्हा संधी मिळते. म्हणजे तारे काही प्रमाणात स्वतःचे भाकीत स्वतःच खरे करतात.

संघाच्या यशाचे काय?

एका खेळाडूचा अंदाज चुकू शकतो, पण ८०-८५ जणांच्या संघात अशा चुका एकमेकींना छेद देतात. म्हणून संघाबाबत तारे अधिक भरवशाचे ठरतात. पत्रकार बड इलियट यांनी यासाठी 'ब्लू चिप रेशो' हे सोपे माप रूढ केले. मागील चार वर्षांत हायस्कूलमधून घेतलेल्या खेळाडूंपैकी चार व पाच ताऱ्यांचे निम्म्याहून अधिक आहेत का, एवढेच त्यात पाहायचे. सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक संघ आहेत. त्यातील अलीकडे १५ ते १८ संघच ही अट पूर्ण करतात. २०११ ते २०२४ या हंगामांतील प्रत्येक राष्ट्रीय विजेता याच गटातला होता.

अटीबाहेरच्या टीसीयूने २०२२ च्या हंगामात अंतिम फेरी गाठली खरी, पण जॉर्जियाने त्यांचा ६५-७ असा धुव्वा उडवला. मात्र तारे असले म्हणजे विजेतेपद मिळतेच असेही नाही. २०२२ मध्ये टेक्सास ए अँड एमने देशातील अव्वल मानांकनाची तुकडी मिळवली आणि त्याच हंगामात १२ पैकी ७ सामने गमावले. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना हटवताना विद्यापीठाला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे मान्य करावे लागले.

इंडियानाने समीकरण बदलले?

२०२५ च्या हंगामाने या नियमाला पहिला मोठा तडा दिला. पराभवांच्या संख्येत वर्षानुवर्षे देशात आघाडीवर असलेल्या इंडियानाने सर्व १६ सामने जिंकले आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ असे हरवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. निम्म्याची अट त्यांच्यापासून कोसो दूर होती. हाइझमन करंडक जिंकणारा त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हायस्कूलमध्ये फारसा नावाजलेला नव्हता. तो कॅलिफोर्निया विद्यापीठातून इंडियानात आला होता.

हे शक्य झाले ते 'ट्रान्सफर पोर्टल'मुळे. २०१८ मध्ये ही व्यवस्था आली आणि २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातील खेळाडू सोबत आणले, इतर ठिकाणचे अनुभवी खेळाडू हेरले. सतरा वर्षांच्या मुलाबाबत अंदाज बांधण्याऐवजी, २१-२२ वर्षांच्या खेळाडूने कॉलेज स्तरावर प्रत्यक्षात काय केले, हे त्यांनी पाहिले.

आता ताऱ्यांना किंमत किती?

पूर्वी मानांकन चुकले तर फार तर चाहत्यांची निराशा होत असे. आता त्यात मुलांचे पैसे गुंतले आहेत. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर कमाई करता येते. जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. हायस्कूलमधून येणाऱ्या मुलाशी सौदा होतो, तेव्हा त्याच्या नावापुढचे तारे हा त्यातला एक मुद्दा असतोच.

थोडक्यात, तारे शक्यता सांगतात, भविष्य नव्हे. शंभर मुलांचा गट समोर असेल तर त्यांचा सल्ला ऐकावा. एकाच मुलाचा प्रश्न असेल, तर तारे कमी म्हणून त्याला बाद करू नये आणि पाच आहेत म्हणून त्याच्यावर विजेतेपदाचे ओझेही लादू नये.