विश्लेषण : गॅस बंद, मिक्सर सुरू! ‘रॉ व्हेगन’ आहाराने रोजचे आयुष्य कसे बदलते?

ना चहा, ना पोळी, ना वरण-भात. सकाळी फळे, दुपारी सॅलड आणि मोड आलेले मूग, रात्री ओले खोबरे आणि सुका मेवा. ‘महिनाभर गॅस पेटवलाच नाही, त्वचा उजळली, वजन उतरले’ असे सांगणारे रील्स सध्या मोबाइलवर सतत दिसतात. यातला पहिला महिना अनेकांसाठी खरोखरच छान जातो. पण या आहाराचा खरा हिशेब महिन्याभरात कळत नाही, तो दोन-तीन वर्षांनी रक्ताच्या अहवालात दिसतो. हा आहार नेमका काय आहे, तो घेणाऱ्याचा दिवस कसा बदलतो आणि संशोधन काय सांगते, ते पाहू.

‘रॉ व्हेगन’ म्हणजे नेमके काय?

यात दोन नियम एकत्र येतात. पहिला व्हेगन असण्याचा : मांस, मासे, अंडी यांच्यासह दूध, दही, ताक, तूप आणि मधही वर्ज्य. दुसरा कच्चे खाण्याचा : कोणताही पदार्थ साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवायचा नाही. नेमका आकडा प्रत्येक गटागणिक थोडा बदलतो. भिजवणे, मोड आणणे, वाटणे, रस काढणे, आंबवणे आणि कमी तापमानावर वाळवणे एवढ्याच क्रियांना परवानगी असते.

हा नियम काटेकोर पाळायचा तर आपल्याकडचे अनेक ‘कच्चे’ पदार्थही बाद होतात. पोहे करण्याआधी भात भिजवून भाजलेला असतो. गूळ हा आटवलेला रस. साबुदाणा तयार होतानाच त्याला उष्णता दिलेली असते. बाजारातला काजूगरही बहुतेक वेळा कच्चा नसतो, कारण टरफलातले दाहक तेल आवरण्यासाठी काजूबी आधी वाफवतात किंवा भाजतात. कोशिंबिरीतले दाण्याचे कूट भाजलेल्या दाण्यांचे आणि वर घातलेली फोडणी तर उघडच नियमाबाहेर.

हा विचार आला कुठून?

स्वित्झर्लंडमधील डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर १९०० च्या सुमारास झुरिचमधील रुग्णांना कच्ची फळे आणि भिजवलेले ओट्स देत असत. आज ‘म्युस्ली’ नावाने ओळखला जाणारा पदार्थ त्यांचाच. ‘व्हेगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. पुढे अमेरिकेत बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर यांनी गव्हांकुराचा रस आणि मोडांचा मोठा प्रचार केला.

भारतात या प्रयोगाचे सर्वांत प्रसिद्ध नाव महात्मा गांधी. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू आणि मध असा तो आहार होता. मध असल्याने आजच्या व्याख्येत तो ‘व्हेगन’ ठरत नाही. त्याचे तपशील ते ‘यंग इंडिया’तून मांडत होते. पुढे त्यांना आमांशाचा त्रास झाला, अशक्तपणा आला आणि प्रयोग थांबवावा लागला. प्रयोग फसल्याचेही त्यांनी लपवले नाही. आजच्या रील्समध्ये नेमका हाच भाग सापडत नाही.

दिवस कसा बदलतो?

सर्वांत आधी बदलते ते घड्याळ. स्वयंपाक नाही म्हणजे वेळ वाचेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गॅसपुढचा वेळ ओट्याकडे आणि सिंककडे सरकतो. बदाम रात्रीच भिजवायचे, मूग-मटकी एक दिवस आधी, पालेभाजी निवडून पुन्हा पुन्हा धुवायची, ओला नारळ खवायचा, मिक्सरचे भांडे दिवसातून तीन-चारदा घासायचे. बाजाराच्या फेऱ्याही वाढतात, कारण डाळ-तांदळासारखे महिन्याचे सामान भरून ठेवता येत नाही. फळे आणि पाला दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो.

दुसरा बदल खाण्याच्या प्रमाणाचा. हिशेब सोपा आहे. दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीने ती ऊर्जा फक्त सफरचंदातून घ्यायची ठरवली तर जवळपास ३.८ किलो सफरचंदे खावी लागतील. सोललेली केळी घेतली तर सव्वादोन किलो, म्हणजे मध्यम आकाराची अठरा-वीस. काकडी घेतली तर १३ किलो! म्हणून रॉ व्हेगन ताटात शेंगदाणे, बदाम, तीळ, खोबरे, अ‍ॅव्होकॅडो असे स्निग्ध पदार्थ भरपूर लागतात. ते कमी पडले की पोट तुडुंब आणि तरीही तासाभरात भूक, अशी अवस्था होते.

नोकरदारांसाठी खरी परीक्षा डब्याची. सकाळी सातला चिरलेली फळे दुपारी एकपर्यंत, तीही लोकलच्या गर्दीतून आणि उकाड्यातून, चांगली राहत नाहीत. कार्यालयाच्या कँटीनमध्ये काकडी-टोमॅटोपलीकडे फारसे काही मिळत नाही. सुरुवातीला तंतुमय पदार्थ एकदम वाढल्याने गॅस, पोट फुगणे आणि वारंवार शौचाला जाणे हे त्रास होतात. सतत फळे आणि लिंबू खाल्ल्याने दातांवरही परिणाम होतो. कच्चा आहार घेणाऱ्यांमध्ये दातांचे आवरण झिजण्याचे प्रमाण जास्त असल्याचे जर्मनीतील संशोधकांना आढळले आहे.

तिसरा बदल माणसांमधला. गणपतीतले उकडीचे मोदक, लग्नातली पंगत, सासरी गेल्यावर समोर येणारा चहा, सगळीकडे ‘मी खात नाही’ हे सांगावे लागते. घरात एकासाठी वेगळे ताट मांडले की त्याची तयारी कोण करणार, हा प्रश्नही येतो. अनेक घरांत त्याचे उत्तर आई किंवा बायको असेच असते. आहार एकाचा आणि मेहनत दुसऱ्याची, ही तक्रार इथूनच सुरू होते.

मग सुरुवातीला इतके बरे का वाटते?

कारण जेवढा फायदा ‘काय खाल्ले’ याचा असतो, तेवढाच ‘काय सोडले’ याचा असतो. मैदा, बिस्किटे, वडापाव, फरसाण, गोड चहा आणि बाटलीबंद पेये एका दिवसात बंद होतात. मीठ, साखर आणि तळण घटते, पाणी आणि तंतू वाढतात. अशा वेळी बद्धकोष्ठता कमी होणे, वजन उतरणे, हलके वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे श्रेय मात्र ‘कच्चे’पणाला दिले जाते.

‘शिजवल्याने अन्नातील एन्झाइम मरतात’ हा या आहाराचा मुख्य दावा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात, हे खरे. पण कच्च्या भाजीतले बहुतांश एन्झाइम जठरातील आम्लातही निकामी होतात आणि पचनासाठी लागणारे एन्झाइम शरीर स्वतः तयार करते. शिजवल्याने सी जीवनसत्त्व आणि फोलेट घटते, हेही खरे. उलट टोमॅटोतील लायकोपीन आणि गाजरातील बीटा कॅरोटिन शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळते. धान्यातला स्टार्च उष्णता आणि पाण्यामुळे फुलतो, म्हणूनच तो पचतो. कच्च्या कडधान्यांतील काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात, तेही शिजवल्याने निष्प्रभ होतात.

संशोधन काय सांगते?

जर्मनीतील गिसेन येथील संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. यातले सगळेच काटेकोर व्हेगन नव्हते. तरीही पुरुषांचे वजन सरासरी सुमारे १० किलोने आणि महिलांचे १२ किलोने घटलेले आढळले. अनेकांचे वजन गरजेपेक्षाही खाली गेले होते. सर्वांत गंभीर निष्कर्ष असा की ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के महिलांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. आहारात कच्च्याचे प्रमाण जितके जास्त, तितका हा त्रास जास्त. पाळी थांबणे म्हणजे ‘शरीर शुद्ध झाल्याचे लक्षण’ असे काही प्रचारक सांगतात. वैद्यकीय भाषेत तो ऊर्जा कमी पडत असल्याचा इशारा असतो.

जर्मनीतीलच २००५ च्या अभ्यासात कच्चा आहार घेणाऱ्या २०१ जणांमध्ये ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल कमी आढळले, ही चांगली बाजू. पण ‘चांगले’ एचडीएलही कमी होते आणि ३८ टक्के जणांमध्ये बी-१२ ची कमतरता होती. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुईस येथे कच्चा शाकाहार घेणाऱ्या १८ जणांच्या हाडांची तपासणी झाली. त्यांच्या कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता इतरांपेक्षा कमी निघाली. अभ्यास लहान होता, पण हाडांची काळजी घ्यायला हवी एवढे त्यातून दिसते.

बी-१२ चा प्रश्न महाराष्ट्रात अधिक गंभीर का?

वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ विश्वासार्ह प्रमाणात नसते. शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध-दह्यातून येते. आणि तेही पुरत नाही, असे पुण्यातील संशोधनातून दिसले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांची बी-१२ पातळी कमी होती. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वाधिक होते.

म्हणजे इथला शाकाहारी माणूस रॉ व्हेगन होतो तेव्हा आधीच अर्धी रिकामी टाकी घेऊन निघतो आणि दूध सोडून उरलेला नळही बंद करतो. यकृतातील साठा काही वर्षे पुरू शकतो, म्हणून लगेच काही जाणवत नाही. त्यातच पालेभाज्यांमधून फोलेट भरपूर मिळाल्याने रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि नसांचे नुकसान मात्र सुरूच राहते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणे. स्पिरुलिनामध्ये बी-१२ असल्याचा दावा केला जातो, पण त्यातील बहुतांश प्रकार मानवी शरीराला उपयोगी पडत नाही. त्यामुळे या आहारात बी-१२ ची गोळी हा ऐच्छिक भाग नाही.

कच्चे म्हणजे सुरक्षित?

कच्चा अळू तोंडाला खाजतो, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पानांतले सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक त्याला कारणीभूत असतात. सगळेच धोके असे जिभेला कळत नाहीत. राजम्यातील लेक्टिनमुळे चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरेसे ठरू शकतात. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळावाच लागतो. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नये, असा सल्ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने दिला आहे. कडू दुधीतील कुकुर्बिटासिन जीवघेणे ठरू शकते. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहणे हा साधा उपाय.

मोडांबाबतही सावध राहायला हवे. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ आली, हजारो आजारी पडले आणि ५० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. तपासाचा धागा इजिप्तमधून आलेल्या मेथीदाण्यांच्या मोडांपर्यंत पोहोचला. पावसाळ्यात गढूळ पाण्यात धुतलेली पालेभाजी कच्ची खाणे तर अधिकच जोखमीचे.

हा आहार कोणी टाळावा?

लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी हा प्रयोग करू नये. मुलांचे पोट लहान आणि ऊर्जेची गरज मोठी असते, ती कच्च्या फळ-भाज्यांतून भागत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात २०१९ मध्ये दीड वर्षाच्या बालकाचा कुपोषणाने मृत्यू झाला. त्याला आईच्या दुधाखेरीज केवळ कच्ची फळे-भाज्या दिल्या जात होत्या. त्या प्रकरणात आईला २०२२ मध्ये जन्मठेप झाली.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना फळे आणि शहाळ्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांच्या औषधाचा परिणाम पालेभाज्या एकदम वाढवल्याने बदलतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताट बदलू नये.

तरीही करून पाहायचे असेल तर?

सुरू करण्याआधी बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी आणि काही महिन्यांनी ती पुन्हा करावी. बी-१२ ची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. प्रथिनांचा हिशेब ठेवावा. ६० किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ती साधारण २५ ग्रॅम असतात. दर आठवड्याला वजन पाहावे. ते थांबायला हवे तिथे थांबत नसेल, पाळी चुकली किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर प्रयोग तिथेच थांबवावा.

बहुतेकांना मात्र इतक्या टोकाला जाण्याची गरज नाही. चैत्रातली कैरीची डाळ, मुळ्याचा चटका, गाजराची कोशिंबीर, पेरू, शहाळे असे कच्चे अन्न मराठी ताटात आधीपासून आहे. फक्त ते डाव्या बाजूला चमचाभर वाढले जाते. तो चमचा वाटीएवढा केला, दिवसातून दोन फळे घेतली आणि तळण-साखर कमी केली, तर पहिल्या महिन्यातला ‘हलके वाटण्याचा’ बराचसा फायदा मिळू शकतो. त्यासाठी वरण-भाताचा कुकर बंद करावा लागत नाही.