कुंपणाविना पेरणी

जोयडा तालुक्यात रानाच्या कडेला भात आणि कंद पिकवणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पेरणीच्या खर्चात राखणीचा खर्च तो आधीच धरतो. रानडुकरांची आणि गव्यांची वाट अडवली नाही, तर चार महिन्यांच्या श्रमांची एका रात्रीत माती होते, हे त्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कणसे भरू लागली की तो माळ्यावर रात्र जागून काढतो. सुगीत वाखाणणी होते ती पिकाची. कुंपणाची आठवण कोणास होत नाही, आणि त्याबद्दल तो खंतही करीत नाही. अनमोडचा घाट उतरून गोव्यात आले म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर मात्र या साध्या शहाणपणाचा वारंवार विसर पडलेला दिसतो.

एफसी गोवा हा आमच्या किनाऱ्याचा लाडका संघ. त्याच्या खेळाने लोकांस दिलेला आनंद आम्ही कमी लेखत नाही. परंतु आकडे आपली कथा सांगतातच. इंडियन सुपर लीगच्या २०१७-१८ च्या हंगामात या संघाने १८ साखळी सामन्यांत ४२ गोल केले, आणि २८ गोल स्वीकारले. त्याच हंगामात बेंगळुरूच्या संघाने गोव्यापेक्षा सात गोल कमी केले. पण त्याने स्वीकारले अवघे १६. साखळी संपली तेव्हा बेंगळुरूचे गुण ४० होते आणि गोव्याचे ३०. पुढे २०१९-२० मध्ये गोव्याने ४६ गोलांचा पाऊस पाडून साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान पटकावला. तोच संघ उपान्त्य फेरीत चेन्नईला १-४ असा कोसळला. फातोर्ड्यावर ४-२ असा विजय मिळवूनही एकूण ५-६ अशी हार त्यास पत्करावी लागली. दोन सामन्यांत पाच गोल करणारा संघ हरतो, तेव्हा दोष आघाडीचा म्हणता येत नाही.

याहून बोलके आहेत ते शेवटच्या मिनिटांचे आघात. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यावरील अंतिम सामन्यात ८७व्या मिनिटास गोवा २-१ असा पुढे गेला. मग एक स्वयंगोल, भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल, आणि चषक चेन्नईस गेला. २०१९ च्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत आणि दहा खेळाडूंनिशी झुंजत असताना, एका कॉर्नरवर राहुल भेकेच्या हेडरने गोव्याचा घात केला. २४ एप्रिल २०२४ रोजी उपान्त्य सामन्यात पुन्हा फातोर्ड्यावरच मुंबईविरुद्ध ९० व्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडी होती. काही मिनिटांत तीन गोल झाले आणि घरचे मैदान स्तब्ध झाले. यास नुसते दुर्दैव म्हणून सोडून देणे आम्हांस पटत नाही. दमलेल्या बचावफळीस ऐन वेळी ताज्या दमाचा आणि तितकाच कसलेला सोबती देता येणे, ही हंगामाआधीच करून ठेवण्याची तजवीज आहे.

कारभाऱ्यांचा हिशेब चुकतो तो येथेच. ते बचावपटूंची डोकी मोजतात, कामे मोजत नाहीत. कॉर्नरवर उंच उडी घेणारा कोण, धावत्या प्रतिस्पर्ध्यास गाठणारा कोण, बचावापुढे ढालीसारखा उभा राहणारा मधल्या फळीतला गडी कोण, आणि यांपैकी एक जायबंदी झाला वा त्यास लाल कार्ड मिळाले तर त्याचे नेमके तेच काम कोण करणार, याची यादी आधी हवी. शिवाय बचाव ही जोडीने करण्याची कला आहे. शेजाऱ्याच्या मनातले ओळखण्यास हंगाम लागतात. ती ओळख बाजारात विकत मिळत नाही.

गोव्यास याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. प्रशिक्षक लोबेरा आधीच दूर झाले होते. त्यानंतर बचावातील मुर्तदा फॉल, बचावापुढील अहमद जाहू, आक्रमक मधल्या फळीतील ह्यूगो बुमूस आणि विंगर असूनही डाव्या बचावात रुळलेला आपला मंदार राव देसाई हे सारे लोबेरांच्याच हाताखाली मुंबईस गेले. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीची ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. वाटेत उपान्त्य फेरीत टायब्रेकरवर हरवला तो गोव्यालाच. वर्षानुवर्षे जुळून आलेला मेळ एकदा मोडला म्हणजे तो दुसऱ्याच्या अंगणात फळतो.

आक्रमण हाच गोव्याचा पिंड आहे, असे कोणी म्हणतील. इतिहास त्यास पुरती साक्ष देत नाही. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक लाभलेल्या गोव्याने १९८३ मध्ये बंगालला गोलशून्य बरोबरीत रोखून संतोष चषक संयुक्तपणे मिळवला आणि १९८४ मध्ये पंजाबला १-० असे नमवून तो एकट्याने जिंकला. दोन्ही अंतिम फेऱ्यांत आपल्या जाळ्यात चेंडू जाऊ दिला नाही. धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्याच्या बचावात महेश गवळी आणि समीर नाईक यांच्यासारखे गोमंतकीय खेळाडू उभे होते. मे २०२५ मध्ये एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० असे हरवून सुपर कप जिंकला, तेव्हाही गोलफलकावरील ते शून्य तितकेच मोलाचे होते.

म्हणून क्लबांच्या चालकांना आमचे सांगणे एवढेच, की पुढच्या हंगामाची थैली उघडताना पहिला प्रश्न आघाडीच्या खेळाडूचा नसावा. बचावातील प्रत्येक कामास दोन माणसे आहेत काय, हे आधी पाहावे. जुळलेली जोडी मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. गावोगावच्या मुलांतून होतकरू खेळाडू हेरताना, चेंडू हिरावून घेणाऱ्या मुलाकडेही नजर जावी आणि त्याच्या मोबदल्यात दुजाभाव नसावा. झालेला गोल साऱ्या प्रेक्षकांना दिसतो. टळलेल्या गोलाची नोंद ठेवणे हे कारभाऱ्यांचे काम आहे, आणि ते त्यांच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.