कर्जफेडीसाठी निघालेला प्रवासी

प्रवासाचे आपण सामान्यतः दोन प्रकार मानतो. एक हौसेचा आणि दुसरा गरजेचा. हौशी प्रवासी देवळे, घाट आणि राजवाडे पाहत हिंडतो. गरजू प्रवाशाचे लक्ष वाटेवर नसून पुढील मुक्कामी मिळणाऱ्या चार पैशांवर असते. परंतु पोटासाठी घर सोडावे आणि तरीही सारा देश उघड्या डोळ्यांनी पाहावा, असा योग क्वचितच आढळतो. वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक ज्यांच्या घरी असेल, त्यांना या योगाची ओळख आहेच. ज्यांच्या घरी नसेल, त्यांच्यासाठी हा लेख.

पेणजवळचे वरसई हे लहानसे गाव. घर भिक्षुकाचे, विद्या होती, पण डोक्यावर कर्जही होते. अशा वेळी वार्ता आली की, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून तेथे विद्वान ब्राह्मणांस मोठी दक्षिणा मिळेल. तिशीच्या घरातील विष्णुभटांनी जाण्याचा निश्चय केला. दूरच्या मुलखाचे नाव काढताच घरच्या मंडळींच्या पोटात गोळा उठला, हे सांगावयास नकोच. अखेर चुलते रामभटजी सोबत निघाले आणि १८५७ सालच्या आरंभी उभयतांनी घर सोडले.

त्या काळची वाट कशी होती, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन चारच वर्षे झाली होती. मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली ती १८७० साली. म्हणजे सातपुडा ओलांडून उत्तरेस जावयाचे ते बहुतांशी पायीच. महूच्या आसपास पोहोचतात तो शिपायांच्या तोंडून त्यांना येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण लागली. परत फिरावे तर कर्ज तसेच उभे. पुढे जावे तर काय वाढून ठेवले आहे ते कोणास ठाऊक! दोघेही पुढेच गेले.

बंडाच्या वणव्यात मथुरेचा बेत मागे पडला. भटजी उज्जयिनी, ग्वाल्हेर करीत झाशीस आले आणि तेथे राहिले. येथे त्यांच्यातील प्रवासी खऱ्या अर्थाने जागा होतो. शहराची रचना, राजवाडा, महालक्ष्मीचे देऊळ, राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या, त्यांचा व्यायाम आणि दानधर्म, हे सर्व ते अशा बारकाईने सांगतात की, घरी परतलेला वडील माणूस ओसरीवर बसून हकीकत सांगत आहे असे वाटावे.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीस वेढा दिला. रात्री आकाशातून येणारे तोफांचे तांबडे गोळे भटजींनी पाहिले. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. मग कत्तल, आग आणि लूट सुरू झाली. चुलते-पुतणे जीव मुठीत धरून लपून राहिले. राजवाड्यातील संस्कृत ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याचेही दुःख या वैदिकाने नोंदविले आहे. स्वतःचे मिळविलेले द्रव्यही गेले. पण पोथ्यांविषयीची हळहळ त्यामुळे झाकली गेली नाही.

पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी थकल्याभागल्या राणीसाहेब त्यांना भेटल्या. भटजी पाणी काढून देण्यास पुढे झाले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून ते काम करून घेणे बाईंनी नाकारले आणि स्वतः पोहरा ओढला. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ त्यांना वीरमरण आले. इतिहासाच्या मोठमोठ्या ग्रंथांत न मिळणारा हा क्षण आपणांस लाभला, तो दक्षिणेच्या आशेने निघालेल्या एका भिक्षुकामुळे.

ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी अशी तीर्थे करून भटजी परतले, तेव्हा घर सोडून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. कर्ज फेडण्याजोगी संपत्ती हाती नव्हती. खांद्यावर गंगोदकाची कावड मात्र होती. त्या गंगेने त्यांनी आपल्या आईवडिलांना स्नान घातले.

ही हकीकत त्यांनी सुमारे पाव शतकानंतर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढली. वैद्यांनी भाषेवर बराच संस्कार करून ती १९०७ साली प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली वाचकांपुढे आणला. म्हणजे आग्रह करणारा कोणी भेटला नसता, तर झाशीचे हे सारे वर्णन भटजींबरोबरच लोपले असते.

आज आपल्या घरोघरची मुले-मुली नोकरीसाठी दूरच्या प्रांतांत आणि परदेशांत जातात. त्यांना निरोप देताना पगार किती, खोली कशी, जेवणाची सोय काय, हे आपण विचारतो व ते विचारलेच पाहिजे. परंतु ती परत आली म्हणजे वाटेत काय पाहिले हेही आस्थेने विचारावे, आणि जमल्यास त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे. मिळकतीचा हिशेब घरात कोणी ना कोणी ठेवतोच. पाहिलेल्या देशाचा हिशेब मात्र मुद्दाम मागितल्यावाचून कोणी देत नाही.