खनिज झऱ्यांतील किरणोत्सर्ग : उगम आणि रसायन

काही खनिज झऱ्यांच्या पाण्यात निसर्गतःच किरणोत्सर्ग आढळतो. कित्येकांस असे पाणी औषधी वाटते, तर कित्येकांस त्याच्या नावाचेच भय वाटते. या समजुती पारखण्यासाठी हा गुण पाण्यात कोठून येतो, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. भूगर्भात दर किलोमीटरला सामान्यतः २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता वाढते. तापलेले पाणी भेगांवाटे पुन्हा वर येताना खडकांतील क्षार विरघळवून आणते. खडकांत युरेनियमचाही सूक्ष्म अंश असतो. त्याचे क्रमाक्रमाने विघटन होऊन रेडियम बनते व रेडियमपासून रेडॉन हा वायू निर्माण होतो. रेडॉनला रंग वा गंध नाही; तो इतर द्रव्यांशी सहसा संयोग पावत नाही. म्हणून तो खडकातून सुटून पाण्यात सहज मिसळतो. विहिरीच्या पाण्यातील असा किरणोत्सर्गी वायू जे. जे. टॉमसन यांनी १९०३ साली दाखवून दिला. पश्चिम बंगालमधील बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतून रेडॉनबरोबर हेलियमही निघतो; तोही अशाच विघटनातून उत्पन्न होतो.

वाशी तालुक्याची भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाची आहे. ग्रॅनाइटच्या मानाने या पाषाणात युरेनियम बरेच कमी असते. मराठवाड्यात उष्ण झरे नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर येथे आहेत. तथापि पाणी उष्ण आहे, एवढ्यावरून ते किरणोत्सर्गी ठरत नाही. त्यासाठी परीक्षणच करावे लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकरी बंधूंना समजावून द्याव्यात :

(१) रेडॉन सुमारे चार दिवसांत निम्मा उरतो. पाणी उकळल्यास किंवा खूप ढवळल्यास तो उडून जातो. विरघळलेले युरेनियम, रेडियम व इतर क्षार मात्र मागे राहतात.

(२) रेडॉन दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून झऱ्यावरील स्नानगृहे बंदिस्त नसावीत. हवा खेळती असावी.

(३) झऱ्याचे अथवा कूपनलिकेचे खारे पाणी परीक्षणावाचून पिकास देऊ नये. त्यात सोडियम अधिक असल्यास काळी जमीन चोपण होते.

पाण्याची योग्यता झऱ्याच्या कीर्तीवरून ठरवू नये. ती प्रयोगशाळेतील परीक्षणावरूनच ठरवावी.